शेवटचा घास

शिकारमंडळाला एकच दुर्बीण परवडणार होती, म्हणून दुकानदाराने दोन दिल्या होत्या, पारखून बघायला. मंडळाचा प्रमुख बोगोमिर त्या घेऊन दिवस मावळताना मचाणावर चढला, तेव्हा मी आधीच वर बसले होते. तो लहान असताना मी त्याला शाळेत शिकवलं. अजून तो मला बाई म्हणतो आणि अजून ऐकत नाही.

मचाण कुरणाच्या कडेला, बीच वृक्षांच्या झाडीत आहे. दर शुक्रवारी मी शाळेतली मुलं इथे आणते. अस्वलं, कोल्हे, हरणं. आवाज न करता बघायचं, एवढाच धडा. बोगोमिरला मात्र दुर्बीण बंदुकीवर बसवून इथूनच रानडुकरं मारायची होती. म्हणजे मुलांचं येणं बंद.

"डुकरांनी मका फस्त केला, बाई. मुलं अस्वलं टीव्हीवर बघतील."

"मग तूही डुकरं टीव्हीवरच मार."

तो हसला आणि थर्मल दुर्बीण डोळ्याला लावली. मुलांना मी सांगते, थर्मल म्हणजे कपाळाला हात लावणारी आई. ताप कळतो, चेहरा दिसत नाही. दुसरी, नाइट व्हिजन, आपल्याला न दिसणारा दिवा लावते आणि चेहरा दाखवते. मला ती हवी होती. कोण आहे ते कळल्याशिवाय चाप ओढू नये.

"गेल्या वर्षी उसनी थर्मल आणलीस," मी म्हटलं, "आणि फाटक्या कानाची हरिणी मारलीस. पाडस होतं तिला."

"पांढरा ठिपका दिसला. डुक्कर वाटलं." मग जरा ताठ होऊन, "पण मी रीत पाळली."

पाळली होती. आमच्याकडे मारलेल्या जनावराच्या तोंडात फर या सुईसारख्या पानांच्या झाडाची डहाळी ठेवतात. त्याला शेवटचा घास म्हणतात. बोगोमिर टोपी काढून उभाही राहिला होता.

अंधारू लागलं. माझ्या नाइट व्हिजनमध्ये एक कोल्हा आला. त्याचे डोळे चकाकत होते. मग जनावरांना चाटायला ठेवलेल्या मिठाच्या दगडाशेजारी हरिणी दिसली. तिचे डोळे चकाकत नव्हते.

"दगडापाशी बघ."

"काही नाही."

"एवढी मोठी हरिणी उभी आहे."

"बाई, मला सशाचे कान दिसतायत. हरिणी कुठे लपेल?"

आम्ही दुर्बिणी बदलल्या. थर्मलमध्ये उन्हाने तापलेला दगड अजून कोमट, फिकट दिसत होता. शेजारी नुसतं गार गवत. बोगोमिरने नाइट व्हिजन दगडाकडे वळवली.

"कान फाटका आहे," तो म्हणाला. "तोंडात डहाळी आहे."

"चघळतेय?"

"नाही. नुसती धरून उभी आहे. इकडेच बघतेय."

त्याने दुर्बीण खाली ठेवली आणि माझ्या हातातल्या थर्मलकडे बोट दाखवलं.

"हीच घ्यायची. हिच्यात ती नाही."

"म्हणून?"

"म्हणून. मी रीत पाळलीय. मी कुणाचं काही देणं लागत नाही. उद्यापासून हे मचाण माझं." मग कुरणाकडे तोंड करून, हळूच, "बघत बस."

शिडीखाली पाचोळा वाजला. थांबला.

बोगोमिरने खाली पाहिलं नाही. मान ताठ ठेवून तो माझ्याकडे वळला.

"यातून मला बघा, बाई. गरम आहे ना मी?"

मी थर्मल त्याच्याकडे वळवली आणि नीट जुळवून घेतली. कपाळ पांढरं. गाल पांढरे. नाकाचा शेंडा थोडा गार, सगळ्यांचा असतो तसा.

आणि ओठांमधून बाहेर आलेली एक बारीक, काळी डहाळी. गार. तिची पानं सुईसारखी, सुटी सुटी दिसत होती.

मी दुर्बीण डोळ्यावरून काढली. उरल्यासुरल्या उजेडात त्याचं तोंड मला दिसत होतं. रिकामं होतं.

"काय?" तो म्हणाला.

मी दुर्बीण मांडीवर ठेवली.

"शुक्रवारी मुलं येणार. तू बंदूक घेऊन इथे चढायचं नाहीस."

"चढणार."

"मग मी खालच्या पायरीवर बसेन. मला ओलांडून चढ."

तो पाढा न येणाऱ्या मुलासारखा जबडा आवळून बसला. मी पुन्हा थर्मलला डोळा लावला.

त्याचा जबडा सावकाश हलत होता. डहाळी आता अर्धीच उरली होती.