डावीकडून आलेला निरोप

कॅप्टन थर्लोंना पहाटेचा चहा नेऊन देणं माझ्याकडे होतं. मी सगडन, त्यांचा अर्दली. चहा, बूट, दाढीचं पाणी आणि शिव्या, सगळं माझ्याच वाट्याचं. लढाईत फ्लँडर्सच्या चिखलातून मगभर चहा गरम नेणं म्हणजे काय, हे इथे बर्नलीत शेकोटीपाशी बसून तुम्हाला कळायचं नाही. असो.

त्या दिवशी धुकं इतकं दाट होतं, की हातातला मगसुद्धा धड दिसत नव्हता. जर्मन नेमके उजाडताना यायचे, म्हणून त्या वेळी आम्ही सगळे खंदकात बंदुका घेऊन उभे असायचो. मोठ्याने बोलायची बंदी. काही कळवायचं असेल तर शेजाऱ्याच्या कानात सांगायचं, त्याने त्याच्या शेजाऱ्याच्या. कोणी पाठवलं, हे विचारायचं नाही. कानावर आलं की पुढे द्यायचं, बस्स.

साहेबांच्या छातीवर शौर्यपदकाची नवी फीत होती. हाच खंदक राखल्याबद्दल मिळालेली. मागच्या हल्ल्यात त्यांनी 'जागा सोडा, थांबू नका' असा निरोप पाठवला होता. डाव्या टोकाला पोचेपर्यंत त्याचं 'थांबा, जागा सोडू नका' झालं. तिथे कॉर्पोरल ग्रिमशॉ आणि त्याची माणसं थांबली, म्हणून खंदक वाचला. त्यांचं मात्र मागाहून काहीच सापडलं नाही, प्रेतंसुद्धा नाहीत. साहेबांनी पदक परत करू पाहिलं, तर वरचे हसले. तेव्हापासून साहेब झोपत नसत. मला त्यांची फार दया यायची.

मी चहाचा मग पुढे केला, तेवढ्यात डावीकडचा डिक माझ्या कानाशी लागला. "कॅप्टनसाहेबांना विचार, अजून जागेवरच थांबायचं का?"

मी तसंच सांगितलं. साहेबांनी चहा हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"कोण विचारतंय?"

सार्जंट हेस्केथ वाकून शेवटपर्यंत जाऊन आला. "एकूण एक गाढव म्हणतंय, शेजाऱ्याने सांगितलं. टोकाला तो नवा वॉल्टर आहे. तोही तेच म्हणतो."

"त्याच्या शेजारी कोण आहे?"

"कोणी नाही, साहेब... ढासळलेली माती."

साहेबांनी डावीकडच्या धुक्यात पाहिलं. मग हळूच म्हणाले, "उत्तर पाठव, सगडन. जागा सोडा."

मी डिकला सांगितलं. कुजबुज धुक्यात विरत गेली. ओल्या, नुकत्याच उकरलेल्या मातीचा वास आला... आणि पाठोपाठ उत्तर.

"बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडता येत नाही."

"बरोबर आहे त्याचं," साहेब म्हणाले. त्यांनी चहाचा मग माझ्या हातात दिला.

"साहेब, नका जाऊ..."

"या वेळी निरोप मी स्वतः नेतो रे."

ते गेले. थोड्या वेळाने डावीकडून चिखलात रुतणारे बूट वाजू लागले. आम्ही वाट द्यायला पाठी भिंतीला टेकवल्या. दिसलं कोणीच नाही. काहीतरी गार, ओलं माझ्या बाहीला घासून गेलं, आणि पहारा संपलेला माणूस सोडतो तसा सुस्कारा कानाशी ऐकू आला. हेस्केथने डोक्यावरचं शिरस्त्राण काढलं. तो रडत होता.

वॉल्टर म्हणाला, साहेब मातीच्या ढिगावर चढले आणि कोणाला तरी म्हणाले, "मी आलोय, तुम्ही जा." धुकं निवळल्यावर ढिगापलीकडे तोफगोळ्याचा खड्डा दिसला. त्यातलं पाणी अगदी स्थिर होतं. साहेब पुन्हा कोणाला दिसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे डिक पुन्हा कानाशी लागला. "एकट्याने भागत नाही. आणखी एक माणूस पाठवा."

मेली सवय! अर्थ कळायच्या आत मी ते उजवीकडे देऊनही टाकलं. हेस्केथ दबक्या आवाजात खेकसला, "कोणी उत्तर देऊ नका रे!"

पण उजवीकडून उत्तर आलं होतं. "सांग त्यांना, सगडन येतोय."

"कोण म्हणालं?" मी विचारलं.

"मला शेजाऱ्याने सांगितलं."

तो निरोप मी डावीकडे दिला नाही. लढाई संपली, लग्न झालं, नातवंडं झाली. बायकोलाही कधी सांगितला नाही. आज तुम्ही फारच खोदून विचारलंत, म्हणून बोलून गेलो...

तुम्ही माझ्या डाव्या हाताला बसलायत, हे आत्ता माझ्या लक्षात येतंय.