कोसंबीटोल्याची जर्सी

कोसंबीटोल्याच्या समाजमंदिरात भर दुपारी गारवा होता, आणि तो गारवा एका मोटारीतून येत होता. मोटार बाहेर कडुनिंबाखाली उभी, इंजिन चालू. तिच्या मागून निघालेली जाड केबल खिडकीतून आत गेलेली. आत कूलर घरघरत होते आणि त्यांच्यापुढे गावातली म्हातारी माणसं नि तान्ही लेकरं ओळीनं निजली होती. चंद्रपूरकडच्या माणसाला ऊन काय ते शिकवायला नको. पण यंदा पारा पन्नाशीला टेकला होता आणि माणसं सावलीत बसल्या बसल्या जात होती. गावातली दोन गेली, तेव्हा कुठं समाजमंदिराचं कुलूप निघालं.

गाडी प्रभाकर लांजेवारांची. संकरित, म्हणजे एकाच बॉनेटखाली दोन बिऱ्हाडं: एक इथेनॉलवर चालणारं इंजिन आणि एक विजेची मोटर. गावात हळू फिरताना वीज, लांबच्या पल्ल्याला इंजिन, आणि ब्रेक दाबला की वाया जाणारा जोर परत बॅटरीत. संकरित गायीवरून गावानं तिला नाव ठेवलं 'जर्सी'. शाळेतल्या निकुरे गुरुजींनी निव्वळ विजेवरची गाडी घेतली तेव्हा त्यांनी प्रभाकरभाऊला भारी छळलं.

"भाऊ, दोन डगरींवर पाय ठेवणाऱ्याचं काय होते, ठाऊक हाय ना?"

"माह्या जर्सीले चारा बी चालते अन् सरकीची ढेप बी," प्रभाकरभाऊ म्हणायचा. "तुमची एकाच वैरणीवर. ते संपली का मंग बसा हंबरत!"

हंबरायची वेळ खरंच आली. आधी गारपिटीनं छपरांवरच्या सौरपट्ट्या फुटल्या. मग हा उन्हाळा असा तापला की ट्रान्सफॉर्मर एकामागून एक जळाले आणि अर्ध्या विदर्भाची वीज गेली. तालुक्याला गॅसचा पंप होता, हायड्रोजनचा होता. पण गॅस टाकीत दाबून भरायलाही वीजच लागते. राहिल्या बॅटरीच्या गाड्या. कोसंबीटोल्याची एक रीत होती. संध्याकाळी ज्याच्या गाडीत वीज उरली असेल त्यानं ती गावाला द्यायची. याला 'उलटा भार' म्हणत, आणि देणाऱ्याचं नाव देवळाच्या भोंग्यावरून पुकारलं जाई. आता नाव पुकारलं जाणार म्हटल्यावर माणूस हात राखून देतो थोडाच? कूलर सुरू झाले त्या पहिल्याच संध्याकाळी गुरुजींसकट सगळ्यांनी आपापल्या गाड्या पार तळापर्यंत रिकाम्या केल्या. दुसऱ्या दिवशी अख्ख्या गावात चालणारी गाडी एकच उरली.

आणि याला बेअक्कलपणा नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? ग्रामसभेत गावासाठी जनरेटर घ्यायचा विषय निघाला होता. "कायले? प्रभाकरभाऊची जर्सी हाय ना!" असं कुणीतरी म्हणालं आणि विषय तिथंच संपला. प्रभाकरभाऊनं तेव्हा हात जोडून सगळ्यांचे आभार मानले होते. बायको शकुन तेवढी घरी येऊन म्हणाली होती, "एका गाडीवर साऱ्या गावाची भिस्त? मले नाही पटत बापा." त्यावर तो हसला होता.

तीच शकुन आज लेकरांना आंबील पाजता पाजता भिंतीला टेकून खाली बसली. गारव्यातही घामानं निथळत होती. "छातीवर कोणी बसल्यावानी वाटते," एवढंच ती बोलली.

सरपंच रत्नमाला गेडाम धावत आल्या. त्यांनी एकदा शकुनकडे पाहिलं, एकदा खिडकीतल्या केबलकडे. सगळ्यांचेच डोळे केबलवर होते. एका आईनं आपलं बाळ कूलरच्या आणखी जवळ सरकवलं.

"न्या भाऊ," शेवटी रत्नमालाताई म्हणाल्या. "तिले दवाखान्यात सोडा अन् तसेच वापस या. तोवर ओली फडकी बांधून आमी रेटतो कसंबसं. पण वापस या."

"येतोच," प्रभाकरभाऊ म्हणाला आणि त्यानं केबल ओढली. कूलरची पाती मंदावत गेली आणि एक लेकरू रडायला लागलं.

मागच्या सीटवर शकुनला धरून निकुरे गुरुजी बसले. रस्त्यात जागोजाग बंद पडलेल्या गाड्या, हायड्रोजनची एक बस, तिच्या सावलीला दाटीवाटीनं बसलेली माणसं. ती हात करत होती. प्रभाकरभाऊनं गाडी थांबवली नाही.

"चुकलंच आमचं, भाऊ," गुरुजी म्हणाले. "तुमची जर्सीच खरी."

प्रभाकरभाऊ उखडला. "जर्सीचं कवतिक पुरे झालं, गुरुजी! एकटीच उरली म्हणून खरी वाटते. तुमच्या गाडीत निम्मी वीज ठेवली असती, त शकुनले तिच्यात आणलं असतं अन् हे जर्सी तिथंच कूलरपाशी उभी राहिली असती. टाकीत बी अर्ध्याच्या वर राहिलं नाही आता."

गुरुजी ओल्या फडक्यानं शकुनचं कपाळ पुसत राहिले.

तालुक्याच्या दवाखान्यात दिवे बंद, उन्हापायी खिडक्या लावलेल्या; आत भर दुपारी अंधार होता. तरुण डॉक्टरीणबाईंनी टॉर्चच्या उजेडात शकुनला तपासलं. हृदयविकाराचा झटका. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन होतं, ते त्यांनी लगेच टोचलं. मग बाहेर येऊन त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं.

"काका, या गाडीतून वीज घेता येते ना? आमच्या जनरेटरचं डिझेल सकाळीच संपलं. आता काकूंना ऑक्सिजनचं मशीन लागेल, नाडीवर लक्ष ठेवायला यंत्र लागेल. वरच्या मजल्यावर कमी दिवसांची बाळं आहेत. गाडी लावलीत तर संध्याकाळपर्यंत सगळं चालेल. तोवर डिझेल येईल म्हणतात."

"अन् नाही लावली त?"

बाईंनी वरच्या मजल्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"भाऊ, तिकडं लेकरं..." गुरुजी बोलायला लागले आणि थांबले. फोन केव्हाचेच मुके झाले होते. विचारायचं तरी कुणाला?

प्रभाकरभाऊला वरची बाळं दिसली नाहीत, गावातलीही दिसली नाहीत. त्याला शकुन हवी होती, बस्स. त्यानं केबल काढून बाईंच्या हातात दिली आणि इंजिन चालू केलं. गुरुजी पायरीवर पाठ फिरवून बसले.

दुपार कलली तेव्हा शकुननं डोळे उघडले. नाकाला नळी, बोटाला चिमटा, उशाशी यंत्राची बारीक टिकटिक. प्रभाकरभाऊ तिचा हात धरून बसला होता. तिनं ओठ हलवले तसा तो वाकला.

"लेकरायचे कूलर चालू हायेत ना?"

"हाव," तो म्हणाला. "चालू हायेत. तू नको बोलू."

तिनं समाधानानं डोळे मिटले. क्षणभरानं पुन्हा उघडले आणि मान खिडकीकडे वळवली.

"मंग बाहेर हे कोनाची गाडी वाजून रायली?"