भरल्या शहराचे सोंग

पूर्वेचा समुद्र नुकता कुठे राखाडी होत होता, आणि त्या राखाडीतून व्हॅलेटा नगरीचे तट, बुरूज, पायऱ्यापायऱ्यांच्या उतरत्या गल्ल्या आणि मधाच्या रंगाच्या दगडाची घरे एकेक करून वर येत होती, जणू रात्रभर पाण्याखाली बुडालेले एखादे शहर श्वास घ्यायला डोके काढत असावे. दोन बंदरांच्या मधोमध घुसलेल्या खडकाच्या जिभेवर वसलेली माल्टा बेटाची ही राजधानी. तिच्या टोकाला सेंट एल्मोचा किल्ला, आणि त्या किल्ल्यावरच्या तोफांचा धाक असा की भूमध्य समुद्रातली भलीभली आरमारे वाट वाकडी करून जात. पण त्या उन्हाळ्यातल्या त्या पहाटे तोफांपाशी गोलंदाज नव्हते, गल्ल्यांत पाणके नव्हते, आणि कोंबडा आरवला नाही, कारण कोंबड्या पाळणारेच उरले नव्हते. गाठीच्या तापाने, मरीने, नगर धुऊन नेले होते. आणि नेमके त्याच पहाटे बंदराच्या तोंडाशी त्रिपोलीचे आरमार नांगर टाकून उभे राहिले होते.

बेत्ताने ती गलबते गल्लीच्या वरच्या पायरीवरून पाहिली आणि तिला पहिली आठवण झाली ती आगाताची. आगाता तिची धाकटी बहीण. दुसऱ्या बंदरातल्या बेटावर, आजाऱ्यांना वेगळे ठेवायच्या कोठीत ती होती. काखेतली गाठ फुटली होती, ताप उतरला होता, काल तर तिने होडीवाल्याबरोबर निरोप पाठवला होता की इथल्या पेजेपेक्षा मेलेले बरे. म्हणजे पोरगी जगणार होती. आणि गलबतांवरचे लोक आत घुसले, तर त्रिपोलीच्या बाजारात उभी राहणार होती.

बेत्ताचा धंदा रडण्याचा. हसू नका, माल्टात तेव्हा तशी रीतच होती. घरात माणूस गेले की रडणाऱ्या बायकांना बोलावणे जाई. निळ्या घोळदार झग्यात त्या येत, पेटती चूल पाणी ओतून विझवत, अंगणातली द्राक्षवेल विळ्याने बुंध्याशी कापून टाकत, कारण धनी गेला तर त्याच्या वेलीने फळ का धरावे? आणि मग मयताचे गुण गात असा टाहो फोडत की दगडाला पाझर फुटावा. मावशीने बेत्ताला हे शिकवले. मग मावशी गेली, मावशीच्या साथीदारणी गेल्या, आणि शेवटी घरोघर एकटी बेत्ता विळा घेऊन फिरू लागली. इतक्या वेली तिने कापल्या की हात आपोआप चालायचा. पुढे किल्लेदाराने रडण्यावरच बंदी घातली. आवाज पाण्यावरून लांब जातो, म्हणून.

त्याच किल्लेदाराचे, दों ओर्तेगाचे, आज तिला बोलावणे आले. दों ओर्तेगा दूरच्या स्पेनचा सरदार. लोखंडी चिलखताखाली आता हाडेच उरली होती, पण मिशीचा पीळ मात्र शाबूत.

"पुढच्या उतारावरच्या गल्लीतले प्रत्येक घर तुला ठाऊक आहे म्हणतात."

"ठाऊक आहे, सरकार. सगळ्यांत रडले आहे."

"आज रडणे नाही. आज ती घरे भरलेली दिसली पाहिजेत." किल्लेदाराने बंदराकडे बोट केले. "दुपारी त्यांचा वकील तहाची बोलणी करण्यास येत आहे. वकिलास पाहुणा मानून नगर दाखवावे, हा जुना रिवाज; नाकारला तर संशय. नगर नांदते दिसले तर तह होईल. ओस दिसले तर उद्या सूर्योदयाला हल्ला होईल, आणि आमच्यापाशी तटावर उभे करण्यास माणसे नाहीत, हे तुझ्याइतके कोणास ठाऊक?"

"मरी आहे म्हणून सांगून टाका ना, सरकार. घाबरून पळतील."

"आणि ती बातमी सिसिलीस पोहोचली की धान्याची गलबते बंद. जे तापातून वाचले ते उपाशी मरतील." किल्लेदाराने बजावले. "मरीचे नाव जो काढील तो फासावर चढेल. मुलगी असो वा सरदार."

मग ती विलक्षण सकाळ सुरू झाली. उरलेल्या बायका आणि चारदोन म्हातारे घेऊन बेत्ता बंद दारे उघडत निघाली. वांद्रा सुतारणीच्या घरात शिरून तिने पेटी उघडली आणि वांद्राचा हिरवा झगा सज्जात वाळत टाकला. समोरच्या घरी नवऱ्यामुलाचा सदरा, जो त्याने एकदाही घातला नव्हता. वारा सुटला तशी गल्लीभर मेलेल्यांची वस्त्रे फुगली, बाह्या हलू लागल्या, आणि खालून पाहताना बेत्ताला वाटले की हे लोक तिलाच हात करताहेत: काय ग, त्या दिवशी आम्हाला वाटेला लावलेस, आणि आज पुन्हा बोलावतेस?

चुली पेटवायच्या वेळी तर बायकांनी हातच आखडले.

"चूल तूच विझवलीस. तूच पेटव," लोरेन्सा म्हणाली. लोरेन्साचा नवरा आणि सासू एकाच आठवड्यात गेली होती.

"पेटवते," बेत्ता म्हणाली. "आणि पाप लागले तर सगळे माझ्या नावावर घाल. तू फक्त फुंक मार, माझा श्वास पुरणार नाही."

लोरेन्सा रडतरडत हसली आणि वाकून फुंकर मारू लागली. दुपारपर्यंत गल्लीतल्या साऱ्या धुराड्यांतून धूर निघत होता. बेत्ता प्रत्येक उंबऱ्यावर हळूच म्हणत गेली, "माफ करा, एका दिवसापुरते." आणि आतून कुणीतरी भांडे सरकवल्यासारखा आवाज आला तरी तिने मागे वळून पाहिले नाही.

वकील आला. शाबान रईस त्याचे नाव. रईस म्हणजे गलबताचा कप्तान. पांढरी दाढी, रुंद खांदे, आणि मनगटांवर बेड्यांचे जुने वळ, जे त्याने झाकले नव्हते. दों ओर्तेगाने लवून स्वागत केले आणि दुभाष्यामार्फत नगरीची थोरवी सांगण्यास आरंभ केला.

"वकीलसाहेब, दूरदूरचे राजपुत्र हे नगर पाहण्यास येतात. एक तर हे बंदर. शंभर गलबते वादळात उभी करा, दिवा हलणार नाही. दुसरे आमचे थोरले मंदिर. बाहेरून पाहाल तर धान्याचे कोठार वाटेल, आत जाल तर भिंतीभिंतीवर सोने. तिसरे, या उंच बुरुजांवरून दिसणारा सूर्यास्त."

"चौथे मी सांगतो," शाबान म्हणाला. "या पायऱ्या. उतरताना गुडघे मोडतात आणि चढताना छाती. तरुणपणी मी तुमच्या गलबतावर वल्हे मारीत होतो, किल्लेदार. हिवाळ्यात गलबते बंदरात आली की साखळी ओढत याच गल्लीत पाणी विकायचो. मला नगर दाखवायला निघालात, फार आनंद झाला."

किल्लेदाराची मिशी किंचित खाली आली.

मिरवणूक गल्लीतून निघाली. सज्जांतून बायका वाकून पाहत होत्या. मिरवणूक पुढे सरकली की त्याच बायका मागच्या बोळांतून धावत, नवा रुमाल बांधून, पुढच्या सज्जात उभ्या. लोरेन्सा तिसऱ्यांदा दिसली तेव्हा शाबानने तिला अदबीने सलाम केला. "या गल्लीत जुळ्यांची पैदास फार दिसते."

बेत्ता एका दारात घरधनीण बनून उभी होती, हातात पिठाची परात. शाबान तिच्यापाशी थांबला आणि दुभाष्याला बाजूला सारून आपल्या त्रिपोलीच्या बोलीत बोलला. माल्टाची भाषा त्या बोलीची सख्खी बहीण; बेत्ताला शब्दन् शब्द कळत होता. आणि स्पेन-फ्रान्सहून येऊन बेटावर राज्य करणाऱ्या सरदारांना, साऱ्या जन्मात त्यांनी लोकांची भाषा शिकलीच नव्हती, काही म्हणजे काही कळत नव्हते. दुभाषाही सिसिलीचा, भरभर बोललेले त्याच्या डोक्यावरून जाई.

"पोरी, या महिन्यात इथल्या बायका मला भिंतीवरून द्राक्षांचे घोस द्यायच्या. एक घोस दे."

द्राक्षे. साऱ्या गल्लीत कपडे होते, धूर होता, पीठ होते, आणि एकाही अंगणात हिरवे पान नव्हते. सरदारांच्या ध्यानात यायचे कारण नव्हते, ही रीत त्यांची नव्हे. पण जिने स्वतःच्या हाताने त्या वेली कापल्या, तिलाही सकाळपासून एकदा आठवले नव्हते.

शाबानने तिच्या खांद्यावरून अंगणात पाहिले. वाळलेली वेल मांडवावरून लोंबत होती, केसांसारखी.

"किती वेली कापल्या?" पाणी विकता विकता ही रीत पाहिलेल्या त्याने अगदी हळू विचारले.

किल्लेदार चार पावलांवर उभा होता. दुभाषा मान वाकडी करून ऐकू पाहत होता. खोटे बोलावे, तर हा माणूस मूर्ख नव्हता. गप्प राहावे, तर उद्या सूर्योदय. बेत्ताने त्याच्या मनगटांवरच्या वळांकडे पाहिले, आणि मग सरळ डोळ्यांत.

"सगळ्या. लढाई नाही झाली, रईस. मरी आहे. तुम्ही ज्या पायऱ्या चढलात त्यांवरून रोज माणसे खाली नेली. उद्या तुमचे लोक घरांत शिरतील, पेट्या उघडतील, हे झगे अंगाखांद्यावर टाकून गलबतावर नेतील. कोणाकोणाला वाचवाल? माझी बहीण वाचली आहे, एवढेच माझे उरले आहे. आता किल्लेदाराला सांगा हवे तर. मला फाशी देतील."

शाबानने वर पाहिले. वर हिरवा झगा फडफडत होता.

"माझे दोन मुलगे आहेत त्या गलबतांवर," तो म्हणाला. "मरी आहे म्हटले तर आमचा सेनापती हसेल. तो म्हणेल, मग अडवायला कोणी नाही, चला आत. असा माणूस आहे तो." त्याने आपले तळहात उलटेपालटे करून पाहिले. "आणि मी इथे किती दारांना हात लावला, पोरी?"

उत्तराची वाट न पाहता तो वळून पायऱ्या उतरू लागला.

तहाच्या कागदावर सह्या झाल्या. मग शाबान रईस धक्क्यावर गेला आणि आपल्या होडीच्या नावाड्यांना त्याने दुरूनच थांबवले. तहाचा कागद व्हिनेगरमध्ये बुडवून काठीच्या टोकाने त्यांच्याकडे दिला. परक्या बंदराचा कागद रोगराईच्या भीतीने तसाच देतात, त्यामुळे कोणास नवल वाटले नाही. आणि मग तो असा गरजला की पाणी ओलांडून पलीकडच्या तटापर्यंत ऐकू जावे.

"सेनापतींना सांगा, शहर भरलेले आहे. प्रत्येक सज्जात माणूस आहे. मी पाहुणा म्हणून राहतो, ओलीस समजा हवे तर. तुम्ही निघा. आणि माझ्या पोरांना म्हणावे, म्हातारा बरा आहे, इथल्या पायऱ्यांना शिव्या देतो आहे."

संध्याकाळी शिडे उघडली. बेत्ता तटावर उभी राहून पाहत होती. शेवटचे गलबत दिसेनासे झाले तेव्हा तिच्या ध्यानात आले की तिने दुपारपासून परात खाली ठेवलीच नव्हती. दों ओर्तेगाने आपल्या सोंगाच्या यशाप्रीत्यर्थ उरलेल्या सरदारांना मद्य पाजले. त्याला खरे कोणी सांगितले नाही.

शाबानने जिवंत माणसांत राहायचे नाकारले. खाडीत एका रिकाम्या होडीवर तो राहिला. बेत्ता रोज खडकावर भाकरी ठेवून मागे सरे, मग तो येऊन उचली, आणि मधल्या पाण्यावरून दोघे बोलत.

"मी गेलो तर रडशील ना ग? पैसे नाहीत माझ्याकडे."

"गुण सांगावे लागतात मयताचे. तुमचे मला काय ठाऊक?"

"मग शोध काहीतरी. तुझा धंदा आहे."

एके दिवशी भाकरी खडकावरच राहिली. दुसऱ्या दिवशीही.

बेत्ता घरी गेली, पेटीतून निळा झगा काढला, अंगात घातला आणि भर दुपारी खडकावर उभी राहून तिने टाहो फोडला. मनाई होती, पहारेकरी धावत आले. पण काय रडते आहे ते ऐकून ते थबकले, कारण ती सांगत होती की हा पाणी विकणारा होता, हा दोन मुलांचा बाप होता, साखळी घालून या पायऱ्या चढला आणि साखळी नसताना याच पायऱ्यांसाठी आपल्या घरी परतला नाही. मागून एक आवाज उठला. लोरेन्सा होती, नवऱ्याचे नाव घेत. मग वरच्या सज्जातून कोणी मुलाचे घेतले, कोणी आईचे. एवढ्या महिन्यांत ज्यांच्यासाठी तोंड उघडायची बंदी होती ते सारे त्या परक्या माणसाच्या मागोमाग निघाले, घरोघरून, गल्लीगल्लीतून. पलीकडच्या बेटावर आगाता कोठीबाहेर येऊन ऐकत उभी राहिली, आणि मग तिनेही मावशीचे नाव घेतले. पहारेकऱ्यांनी भाले भिंतीला टेकवले.

सूर्य समुद्रात गेला, तरी नावे संपली नाहीत.