लाल वायर बॉडीले

रामदासपेठेच्या सिग्नलला गाडी बंद पडली आणि मागचे सगळे हॉर्न एकदम सुरू झाले.

बाबांची जुनी ट्रायम्फ मोटरसायकल. इंग्रजी बनावटीची, वय माझ्यापेक्षा जास्त आणि नखरे त्याहून जास्त. मी किक मारली, तिने ती उलटी परत केली... थेट नडगीवर. डोळ्यांत पाणी आलं, पण हेल्मेट होतं म्हणून इज्जत वाचली.

"बाई, बाजूला घ्या. पाईंट खराब झाले असतील."

स्कूटर उभी करून एक माणूस आला होता. केस पांढरे होत चाललेले, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या. त्याने गाडी ढकलत कडेला लावली, इंजिनाच्या बाजूची गोल झाकणी उघडली आणि न बघता माझ्यापुढे हात केला.

"जाडसर कागद आहे का?"

पर्समध्ये एक लग्नपत्रिका होती, ती दिली. त्याने कोपरा फाडून आतल्या, ठिणगी पाडणाऱ्या पाईंटांच्या फटीत घातला, हळूच ओढला. कागदावर काळी रेघ उमटली. उठताना त्याचा हात टाकीवर पडला, तिथल्या खोलगट पोच्यावर... आणि तिथेच थांबला.

"ही लहानूकाकाची गाडी आहे."

मी हेल्मेट काढलं.

"नंदे?"

आधी गाडीला ओळखलं, मग मला. हाही प्रकार जुनाच.

इंदोऱ्याला आमच्या गल्लीच्या तोंडाशी याचं, म्हणजे धम्मदीपचं, घर होतं. तो आयटीआयला इलेक्ट्रिशियनचं शिकत होता आणि रोज संध्याकाळी आमच्याकडे गाडी पाहायला यायचा. बाबा आईला म्हणायचे, "पोरगं गाडी पाहाते का पोरीले, समजून नाही राहिलं." मलाही समजत नव्हतं. मग त्याला जबलपूरला कारखान्यात नोकरी लागली. पुढे लग्न झालं, आमच्या घरी पेढे आले. माझं काही जमलं नाही. मला पाहायला येणारे मुलगे अंगणातली ट्रायम्फ पाहून इतके खूश व्हायचे, की माझ्याकडे पाहायचं राहूनच जायचं. नंतर बँकेतली नोकरी, हुडकेश्वरचं घर, आईचं जाणं, बाबांचं आजारपण. मागच्या वर्षी बाबाही गेले. गाडी राहिली.

"जय भीम," मी म्हणाले. दुसरं काही सुचेना. "तू इकडे कसा?"

"आईचं घर विकून राहिलो. कागद झाले की परत. पोरगी जबलपूरलेच आहे ना."

"आणि... बायको?"

"गेली वं. झाले काही वर्षं." तो बोटांवरचा काळेपणा पत्रिकेला पुसत राहिला. "तू?"

"मी गाडीसोबत आहे."

तो हसला. माणसाचे केस बदलतात, चष्मा येतो, पोट येतं... हसणं मात्र कोणी बदलून देत नाही.

"रोज लागते का पायाले?"

"रोज."

"मग इलेक्ट्रॉनिक इग्निशन लाव. पाईंटची कटकटच खतम. अर्ध्या किकमध्ये सुरू होते."

"आणि लावून कोण देईल?"

तो स्कूटरकडे निघाला होता, तो वळला.

"घर विकेपर्यंत मी मोकळाच आहे."

इंग्लंडहून किट यायला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत करण्यासारखं काही नव्हतं, तरी तो येत होता. जुन्या वायरी तपासायला. मग तपासलेल्या वायरी पुन्हा तपासायला. शेजारच्या पार्वतीबाई कुंपणावरून म्हणाल्या, "गाडी लईच बिमार आहे का वं नंदिनी? डॉक्टर रोज येऊन राहिला."

"जुनं दुखणं आहे, बाई," मी म्हटलं. अंगणात धम्मदीपला ठसका लागला.

डिसेंबरात किट आलं आणि त्याच आठवड्यात त्याच्या घराचे कागदही झाले. चावी देऊन झाली, सोमवारचं तिकीट निघालं. हातात एकच रविवार उरला.

त्या रविवारी त्याने आधी मला कशालाही मदत केली नाही. "तू लाव. मी पाहातो," म्हणून पायरीवर बसला. मी पाईंटची जुनी प्लेट काढली. तिच्या जागी लोहचुंबकाचा फिरता तुकडा बसवला, त्यावर दोन कॉइलची नवी प्लेट. दोन बारीक वायरी टाकीखालून सीटपर्यंत ओढल्या आणि सीटखाली तो काळा बॉक्स... साबणाच्या वडीएवढा, आणि सगळी अक्कल म्हणे त्यातच.

"लाल वायर कुठं?" त्याने विचारलं.

"बॉडीले."

"काहून?"

"इंग्रजी गाड्यांचं उलटं असते. बॅटरीचं प्लस बॉडीले, मायनस आत." मी पाठ केल्यासारखं म्हटलं. "सकाळपासून किती वेळा विचारशील गा?"

"विचारत राहीन. आपल्याकडच्या गाड्यांत मायनस बॉडीले असते, हाताले तीच सवय. चांगले चांगले मिस्त्री इथंच फसतात. एकदा उलटं लागलं की बॉक्स गेला."

टाकीखालून शेवटची एक वायर बाहेर यायला तयार नव्हती. मी या बाजूने ढकलत होते, तो त्या बाजूने बोटं घालून शोधत होता. वायरीऐवजी माझं बोट त्याच्या हाती लागलं. त्याने लगेच सोडलं नाही... मीही ओढून घेतलं नाही.

"धम्मदीप, तेव्हा तू खरंच गाडी पाहायला येत होता?"

टाकीपलीकडे त्याला वायर सापडली, ती त्याने हळूच ओढून घेतली.

"गाडी चांगलीच होती," तो म्हणाला. "पण दिवाबत्तीच्या वेळी कोणी गाडी पाहाते का वं?"

उन्हं उतरायला लागली. शेवटी बॅटरी राहिली. तिचे नट घट्ट होते म्हणून पाना त्याने घेतला. मी चहाचे कप उचलता उचलता, अगदी सहज वाटावं अशा आवाजात विचारलं, "उद्या किती वाजताची गाडी आहे?"

"सकाळची," तो म्हणाला. मग एकेक नट आवळत राहिला. "हं. लाव चाबी."

मी चावी फिरवली. सीटखालून एक बारीकसा आवाज आला. मग वास... जळक्या प्लॅस्टिकचा, गोडसर.

मी चावी बंद केली. धम्मदीपने बॅटरीकडे पाहिलं. प्लस आत होतं आणि मायनस बॉडीला.

"नंदे... मीच उलटं लावलं."

दिवसभर मला पाठांतर करायला लावणारा माणूस पाना हातात धरून पहिलीतल्या पोरासारखा उभा होता. त्याने प्लग काढून ठिणगी पाहिली. नव्हती. बॉक्स गेला होता.

"मुद्दाम केलं का?"

"नाही वं. मुद्दाम केलं असतं तर फ्यूज काढला असता. इतकी महागाची वस्तू काहून जाळली असती?" तो पायरीवर टेकला. "तू उद्याच्या गाडीचं विचारलं आणि हाताचं भान गेलं."

मी कप खाली ठेवले.

थोड्या वेळाने तो उठला. मी डब्यात ठेवलेली पाईंटची जुनी प्लेट त्याने बाहेर काढली.

"हे परत लावून देतो. घंटाभराचं काम. आज गाडी सुरू होईल, नवीन बॉक्स आल्यावर तू लावशीलच. तुले सगळं येते आता."

खरंच होतं ते. मला सगळं येत होतं. तासाभरात गाडी सुरू झाली असती, मी त्याला कोपऱ्यापर्यंत सोडलं असतं आणि तो हात हलवून पुन्हा एकदा जबलपूरला गेला असता. कोणाचं काही बाकी राहिलं नसतं.

"नको," मी म्हणाले.

"काहून?"

"मले आज गाडी सुरू नाही करायची."

"दुसरा बॉक्स यायले दोन महिने लागतात, नंदे."

"माहीत आहे."

"माझं उद्याचं तिकीट आहे."

"तेही माहीत आहे." मी त्याच्या हातातली प्लेट धरली. या वयात असं काही करीन याची मला कल्पना नव्हती. "मागच्या वेळी तू निघाला तेव्हा मी दारात उभी होती. काही बोलली नाही. आता बोलून राहिली. नको जाऊ."

तो पाहत राहिला. या वेळी गाडी मध्ये नव्हती.

"चाबी देऊन आलो मी घराची," तो हळूच म्हणाला. "आजची रात्र दोस्ताकडं आहे. मग राहू कुठं?"

"पार्वतीबाईंची वरची खोली रिकामी आहे. बोलतात फार... पण आपल्याबद्दल बोलायचं ते बोलूनच झालंय त्यांचं."

त्याने प्लेट परत डब्यात ठेवली आणि खिशातून फोन काढला. आधी बोटं नीट पुसली.

"हां बेटा... नाही, उद्या नाही येऊन राहिलो. तब्येत बरी आहे." मग माझ्याकडे बघत, "एक नंदिनी आहे इथं. हो... तीच, लहानूकाकाची." पलीकडून खूप वेळ कोणीतरी बोलत होतं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

म्हणजे मुलीला माझं नाव माहीत होतं. मला उगीच पदर नीट करावासा वाटला, आणि अंगात तर पंजाबी ड्रेस होता.

त्याने फोनवर हात ठेवला. "विचारते, थंडीचे कपडे पाठवून देऊ का म्हणून."

"पाठव म्हण," मी म्हणाले. "उन्हाळ्याचेही पाठव म्हण."