एकशे बासष्ट सेकंद

"न केलेल्या गोष्टीची कबुली द्यायची? वर्ष वाया गेलं तरी चालेल, मी सही करणार नाही!"

वहिनींनी खुर्ची पुढे केली तरी मुलगी बसली नाही. ती मानसशास्त्राची विद्यार्थिनी. प्रबंधासाठी आकडे बदलल्याचा तिच्यावर आरोप होता आणि चार वाजता चौकशी समिती बसणार होती.

वहिनी खासगी तपासाची कामं घेत. त्यांचे दीर, निवृत्त पोस्टमन, त्यांच्यासोबत असत. त्यांना सगळे भाऊजीच म्हणत.

"प्रयोग काय होता?" वहिनींनी विचारलं.

"वीस जणांनी गोंगाटात शब्दकोडं सोडवायचं, वीस जणांनी शांततेत. किती सेकंद लागले ते मोजायचं. दोन्हीकडे सरासरी बेचाळीस आली. गोंगाटाने काही फरक पडला नाही. मार्गदर्शक सरांचं पुस्तक नेमकं उलटं सांगतं."

"आणि मध्यक? आकडे क्रमाने लावले की मधोमध येतो तो?"

"गोंगाटात एकेचाळीस. पण मूळ नोंदी सरांनी कपाटात ठेवल्यात. आता म्हणतात, कागदावर गोंगाटाची सरासरी सत्तेचाळीस येते. मला तो कागद दाखवतसुद्धा नाहीत."

कपाटाच्या किल्ल्या तिघांकडे होत्या: सर, प्रयोगशाळेचे सहायक आणि शांत गट सांभाळणारा वर्गमित्र.

"वर्गमित्रच!" भाऊजींनी रस्त्यातच निकाल लावला. "जळत असणार तिच्यावर."

सहायकांनी चष्मा पुसत सांगितलं, "माझं काम घंटेचं. दोन मिनिटं झाली की वाजवायची आणि कोडं काढून घ्यायचं. समोर कुणी का असेना."

वर्गमित्र वैतागला होता. "माझे वीसही जण घंटेच्या आत सुटले. तिचेही सुटले, मी दारातच उभा होतो. माझ्यावर कशाला संशय?"

सर मात्र शांत होते. "ती खोली मी पाहिलेलीसुद्धा नाही. प्रयोग चालू असताना मी तिकडे फिरकत नाही, कधी चौकशीही करत नाही. निष्पक्षपणा महत्त्वाचा."

चार वाजता प्राचार्या समितीसह बसल्या. वहिनींनी मूळ कागद मागितला, वीस आकडे वाचले आणि हिशेब करून पाहिला.

"सरासरी सत्तेचाळीस, बरोबर. पण मध्यक अजूनही एकेचाळीसच आहे."

"मग काय झालं?" भाऊजी गोंधळले.

"वीस जण वेळेप्रमाणे रांगेत उभे करा. बरेच आकडे फुगवले असते तर रांगेतली मधली माणसं बदलली असती. ती जागची हलली नाहीत. म्हणजे मोठ्यांपैकी एखादाच आकडा वाढवला असणार. सरासरी पाचने वाढली, माणसं वीस. वाढ किती?"

भाऊजींनी बोटं मोजली. "शंभर!"

"इंग्रजी आकड्यांत बासष्टच्या आधी एक उभी रेघ ओढली की झाले एकशे बासष्ट. हा बघा तो आकडा. बाकी कुणी साठीच्या पुढे नाही."

"तिने खरा एकशे बासष्ट लपवला, हाच तर आरोप आहे," सर म्हणाले.

"एकशे बासष्ट सेकंद कोडं हातात राहीलच कसं, सर? एकशे विसाव्या सेकंदाला घंटा होते. सहायकांना ते ठाऊक, ते स्वतः वाजवतात. वर्गमित्राला ठाऊक, त्याचा गट त्याच घंटेवर चालला. हिलाही ठाऊक. त्या तिघांपैकी कुणी हा आकडा लिहिलाच नसता. घंटेचा पत्ता नसलेला किल्लीवाला एकच उरतो. तुम्हीच सांगितलंत, खोली पाहिली नाही, चौकशीही केली नाही."

सरांनी टाय सैल केला.

"तीस वर्षं घातली मी त्या पुस्तकात," ते अखेर पुटपुटले. मग मुलीकडे वळले. "विषय इथेच मिटवू. तुझा प्रबंध आजच मंजूर करतो."

"उपकार नकोत, सर. चाळीसही जणांना परत बोलवा. दार उघडं ठेवून प्रयोग करू. माझा निकाल चुकला तर मी स्वतः खोडेन."

प्राचार्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तू बाहेर थांब. पुढचं समिती ठरवेल."

मुलीने भिंतीजवळची खुर्ची उचलली, थेट समितीच्या टेबलाशी आणून ठेवली आणि बसली.

"ठरवा," ती म्हणाली. "माझ्यासमोर."