हितेशने हुंगलेलं काडतूस

तनयाला नेमबाजी क्लबच्या निवड-चाचणीसाठी रेंजवर पोहोचवायचं, एवढ्यासाठी आम्ही तिघं अरवलीचा डोंगर चढत होतो. फरीदाबादच्या पुढे पावसाने रस्ता वाहून नेला होता आणि टॅक्सीवाल्याने सरळ हात वर केले. मग चलो पायी! माझ्या लेकीच्या पाठीवर रायफल, माझ्या खांद्याला डबा आणि काडतुसांची पिशवी. वाट दाखवायला हितेश, ज्याच्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता.

का असावा? संघात जागा एकच उरली होती आणि दावेदार दोघे, तनया आणि हा. मूळचा नागपूरचा, फरीदाबादच्या कारखान्यात नोकरी, बोलायला अगदी लोणी. स्वतःच्या स्पर्धकाला इतक्या प्रेमाने वाट कोण दाखवतं?

वाट कसली, नुसती काटेरी किकर, म्हणजे इकडची बाभळ! ओढणी सोडवत सोडवत आम्ही जुन्या खाणीच्या काठावर आलो. खाली हिरवं पाणी. पायाखालची खडी सरकली आणि तनया घसरली! हितेशने रायफलीचा पट्टा पकडून तिला वर ओढलं. जीव भांड्यात पडला, तरी नंतर मी तो पट्टा गुपचूप तपासला. याने मुद्दाम सैल तर नाही ना केला?

पुढच्या वळणावर आम्ही थबकलोच. वाटेवर बिबट्या! तनयाचा हात रायफलीकडे गेला. हितेशने तो अडवला.

"ही काडतुसं कागदाला भोक पाडायची आहेत," तो हळूच म्हणाला. "बिबट्या मरणार नाही, जखमी होऊन उलटेल. डबा वाजवा, काकू."

मी पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि झाकणाने बडवला. ठणाण! ठणाण! बिबट्याने आमच्याकडे बघितलं आणि सावकाश किकरात शिरला.

डब्याबरोबर काडतुसांची पेटी खाली पडली होती. हितेशने ती उचलली, एक काडतूस नाकाशी नेलं आणि तेलाचा वास येतो म्हणाला. ही वापरू नकोस, माझ्यातली घे, असंही तनयाला सांगितलं. अच्छा, म्हणजे हा डाव होता! वर्षभर निरनिराळी काडतुसं मारून पाहिल्यावर तनयाच्या रायफलीला ही मंद, कमी वेगाच्या गोळीची मानवली होती. यांची भोकं एकमेकांना चिकटून पडायची. ती सोडून ऐनवेळी याची घ्यायची? शिवाय अविनाशने, तिच्या बाबांनी, खंडेनवमीला देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं होतं. मी पेटी हिसकावून घेतली.

रेंजवर दोघे शेजारी शेजारी उभे राहिले. मी मागच्या कठड्याशी, नजर हितेशवर. तनयाने पहिली गोळी झाडली. फुस्स! आवाज असा पिचका की गोळी सुटली की नाही तेच मला कळेना. कागदावर भोक नाही. तिने घाईने दुसरं काडतूस भरलं, गाल टेकवला, डोळा मिटला...

हितेश आपली जागा सोडून धावला! तिचं बोट चापावरून ओढून काढलं! मी किंचाळत कठडा ओलांडून त्याची कॉलर धरली. आता तर उघड उघड दगा!

"काकू, गोळी नळीतच अडकलीय," तो म्हणाला. "दुसरी सुटली असती तर नळी फुटली असती. तिच्या तोंडाजवळ."

पंचाने काडतूस काढून नळीत सळई घातली. ती अर्ध्यावरच थांबली. मी कॉलर सोडली.

तनयाची रायफल बाद झाली, आणि परवानगीशिवाय जागा सोडली म्हणून हितेशचंही नाव खोडलं गेलं. त्याने वाद घातला नाही. मी मात्र पंचाशी कडाकडा भांडले, उपयोग झाला नाही.

अविनाशला फोन लावून काडतुसांना तेल कसं लागलं ते विचारलं. तो कौतुकाने सांगू लागला की त्याचे वडील खंडेनवमीला हत्यारं पुसायचे, तसंच त्यानेही एकेक काडतूस गंज काढायच्या स्प्रेने चोळलं होतं. तेल आत झिरपलं आणि दारू निकामी झाली, बिल्कुल सरळ गोष्ट.

"मग? पूजा पावली ना?" त्याने विचारलं.

"तनयाचे दोन्ही डोळे शाबूत आहेत," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं.

परतताना खाणीचा काठ आला. पिशवी हितेशकडे दिली, आणि त्याच्या हाताला घट्ट धरून मी खडीवर पाय टाकला.