इंजिनाच्या चार वाती

"मॅडम, इंजिन गेलं. अकरा वर्षं घडवलं होतं." लहानू मेश्राम खुर्चीतूनच बोलले. उठायची ताकद नव्हती.

उपनिरीक्षक चारुशीला सलग दुसऱ्या ड्यूटीवर होती. नंदनवनातल्या त्या खोलीत शिरताच तिनं आधी बसायला स्टूल शोधलं, मग रिकामं टेबल पाहिलं. बंद पडलेल्या गिरणीतल्या वाफेच्या इंजिनाची हुबेहूब प्रतिकृती, दहा किलोची, काल दुपारी इथून नाहीशी झाली होती. उद्या ती संग्रहालयात जायची होती.

"संशय कोणावर?"

"पुतण्यावर. दुर्गेशवर. कालच म्हणे, हे भंगार हलवा, मले झोपाले जागा नाही."

दारातला दुर्गेश पांढराफटक पडला. "बोललो, पण नेलं नाही, काका! मॅडम, रेल्वेची नोकरी लागून राहिली. पोलिसांत नाव आलं तर संपलंच माझं."

चारुशीलानं तरी कागद काढला. टेबलावरच्या बशीत लोकरीच्या चार वाती ओळीनं ठेवल्या होत्या.

"हे काय?"

"तेलाच्या वाती," लहानू म्हणाले. "इंजिन थांबलं की उपसून ठेवा लागते. नाही तर तेल टपकत राहते."

"काल तुम्हीच उपसल्या?"

"नाही. चालवून पाहिलं, छातीत धडधडलं, तसाच आडवा झालो. उठलो तर इंजिन नाही."

शेजारचे प्रेमानंद गजभिये, लहानूंचे गिरणीतले जुने सोबती, कोपऱ्यात चहा घेत होते. संध्याकाळ झाली की ते रोज इथेच असत.

चारुशीला त्यांच्याकडे वळली. "काका, तुम्ही गिरणीत काय करत होता?"

"इंजिनघरात तेल द्याचो."

चारुशीलानं पेन मिटलं. तिला फार कंटाळा आला होता.

"चोराला घाई असते. हा चोर मात्र थांबला. चारही वाती उपसल्या, ओळीनं मांडल्या, मग इंजिन उचललं. भंगारात विकणाऱ्याला तेल गळलं काय, न गळलं काय! हे सवयीच्या हातांचं काम. लहानूकाका झोपले होते. तसे हात इथे आणखी एकाचेच आहेत. कुठे ठेवलंय, प्रेमानंदकाका?"

कप बशीवर वाजला.

"माह्या पलंगाखाली."

"काहून गा?" लहानूंनी विचारलं.

"इंजिन संग्रहालयात गेल्यावर रोज काय म्हणून येऊ गा मी इथं?"

"आणि हा पोरगा?" चारुशीला म्हणाली. "मी त्याचं नाव लिहायला घेतलं, तरी तुम्ही चहा पीत होता."

प्रेमानंदांनी मान खाली घातली. तिनं कोरा कागद फाडून टाकला.

शेजारून इंजिन दुर्गेशनंच उचलून आणलं, जपून टेबलावर ठेवलं. मग कोणाकडेही न पाहता बॅग भरली.

"राहू द्या हे भंगार आता इथंच," तो म्हणाला. "जागा झाली."

लहानू या वेळी खुर्चीतून उठले. तोवर बाहेरचं फाटक वाजलं होतं.